डबीतला रेडा

घरात दुसरं माणूस असलं की किस्से साचत नाहीत. दिवसभरात जे घडलं ते रात्री ताटावर बसल्या बसल्या सांगून होतं, समोरचं माणूस "पुरे आता, भाजी घ्या" म्हणतं आणि विषय संपतो. माझी बायको शैला गेल्यापासून माझ्याकडे हा माल पडून राहायला लागला. भाजी मी अजूनही घेतो, सांगायचं मात्र राहून जातं. आता साठा इतका झालाय की रस्त्यात कुणी नुसतं "काय सर, बरंय का?" विचारलं तरी मी त्याला कट्ट्यावर बसवून घेतो. हल्ली लोक लांबूनच हात करतात.

तुम्ही सापडलाय, तर बसा.

आधी धंदा सांगतो. मी सोलापुरात कॉलेजला फिजिक्स शिकवायचो. रिटायर झालो आणि अमेरिकेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, मी इथं घर घेतलं, तर घ्यायच्या आधी रेडॉन तपासला. सोलापुरात आईवडिलांच्या घरात कोण तपासून देईल?" रेडॉन म्हणजे जमिनीतून निघणारा गॅस. फरशीच्या फटींतून वर येतो, मोकळ्या घरातून निघून जातो, बंद घरात साचून राहतो. वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. नोकरीत असताना यावर मी थोडं काम केलं होतं, म्हणून म्हटलं, मी देतो तपासून. त्यानं आणखी दोघांना सांगितलं, त्या दोघांनी आणखी कुणाला, असं करत आमची तिघांची टोळी जमली. मी, माझा जुना लॅब असिस्टंट मुजावर, ज्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी गावोगाव हिंडतो, आणि एकेकाळची आमची विद्यार्थिनी श्रीलता, जी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते.

काम सोपं असतं. प्लास्टिकची एक डबी, आत फिल्मचा तुकडा. ती घरात टांगायची आणि तीन महिन्यांनी काढून आणायची. गॅसमुळे फिल्मवर बारीक खुणा पडतात, त्या श्रीलता मोजते. आपल्याकडे काळा दगड, त्यात हा गॅस तसा कमीच. त्यामुळे बहुतेक घरांत आम्ही सांगतो, "काही नाही, निर्धास्त राहा." आणि बहुतेक घरांत लोकांची तोंडं उतरतात. तीन महिने डबी सांभाळली आणि निघालं काय, तर काही नाही!

*

पहिला मंद्रूपचा.

बिरप्पाची मुलगी पुण्यात नर्स आहे, तिनं आम्हाला पाठवलं होतं. बिरप्पा दारातच मेंढराची लोकर झटकत उभा. मुजावर म्हणाला, "मामा, रेडॉन तपासायला आलोय."

"रेडा? रेडा न्हाय आमच्यात. मेंढरं हायती, दोन म्हशी हायती."

"रेडा नव्हे मामा, रेडॉन. हवेत असतो."

बिरप्पानं वर बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. मी फळ्यासमोर उभा असल्यासारखं सगळं समजावलं, जमीन, फटी, फुप्फुस. तो मान डोलवत राहिला. एवढ्यात आतून त्याच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. ती बरेच दिवस खाटेवर पडून होती.

"बिरू, कोन आलंय रं?"

बिरप्पा माझ्या लेक्चरनं आधीच दमलेला. तो म्हणाला, "रेडा आलाय आई, तपासायला."

मग म्हातारीनं विचारलं, "येकलाच आलाय, का मालक बी हाय संगट?"

मुजावर भिंतीकडे तोंड करून हसायला लागला. मला आत बोलावणं आलं. मी वाकून आत गेलो. म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि पोराला सांगितलं, "ह्यो न्हवं. ह्यो लई बारीक हाय. च्या पाज आन लावून दे."

तेव्हापासून मुजावरच्या मोटारसायकलचं नाव रेडा आणि माझं नाव मालक.

*

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरात खाली चादरीचा माग आणि वर सासू, सून, मुलगा. घरात तेलुगू बोलतात, म्हणून श्रीलताला नेलं होतं. तिनं डबीचं काम सगळं तेलुगूतून सांगितलं. सून माजघरात होती, तिला निम्मंच ऐकू गेलं. तिचा समज झाला, सासूनं कॅमेरा बसवून घेतला. आणि सासूचा समज झाला, मुलानं बायकोच्या सांगण्यावरून आवाज टेप करायचं यंत्र लावलं.

तीन महिन्यांनी डबी काढायला गेलो तर सासू सुनेला लाडानं "अम्मा, दमलीस का?" विचारत होती. सून सासूच्या पायाला तेल चोळत होती. दोघी बोलताना डबीकडे बघून बोलत होत्या.

मुलगा आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, "सर, रिपोर्ट काय यायचा तो येऊ दे. रिकामी डबी एखादी असली तर लावून जावा की."

श्रीलतानं लावून दिली. अजून तिथंच आहे.

*

दुधनीचे चन्नबसप्पा शेठ तुरीचे व्यापारी. त्यांच्या झोपायच्या खोलीत डबी लावून आलो होतो. काढायला गेलो तर भिंतीवर नुसता खिळा. माझा चेहरा बघून शेठ हसले. "काळजी माडब्याडरी, सर." दुधनीत माणूस मराठीत बोलतो आणि धीर कन्नडमध्ये देतो.

त्यांनी किल्ली काढली, तिजोरी उघडली आणि लाल फडक्यात बांधलेली डबी माझ्या हातात ठेवली. "तुमची वस्तू. घरात पोरंटोरं, हरवली तर काय तोंड दाखवायचं? तुमी गेलाव त्याच दिवशी आत ठेवली."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "शेठ, हिनं तीन महिने तुमच्या तिजोरीतली हवा मोजली."

"म्हंजे रिपोर्टात काय येनार?"

"एवढंच की तिजोरीत हवा आहे."

शेठनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी आले. "तसं लिवू नका, सर. दुधनीत आमची पत हाय."

*

जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीत शेजारी शेजारी दोन घरं तपासली. एकाचं रीडिंग दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त, दोन्ही अगदी ठीक. रेडॉन बेकरेलमध्ये मोजतात. कमीवाले गृहस्थ संध्याकाळी माझ्या दारात हजर. "शेजाऱ्यांना आमच्यापेक्षा जास्त बेकरी आल्या म्हणे. दोघांनी फ्लॅट एकाच बिल्डरकडून घेतलाय, सर. मग आम्हालाच कमी का?"

*

मोहोळचा किस्सा हसण्यासारखा आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

देशमाने नावाचे गृहस्थ, पोस्टातून रिटायर झालेले, घरात एकटे. मुलगा पुण्याला, त्यानं आम्हाला पाठवलेलं. देशमान्यांनी चहा केला आणि समोर बसले. इतकं लक्ष देऊन माझं एकाही वर्गानं कधी ऐकलं नव्हतं.

"दिसत नाही म्हणता?"

"नाही."

"वास?"

"नाही."

"आवाज वगैरे?"

"काहीच नाही."

"तरी घरात आहे."

"असू शकतो."

"आणि हे आमच्या मुलाला पटलं?"

"त्यानंच तर आम्हाला पाठवलं."

देशमान्यांनी कप खाली ठेवला. "आमची ही गेल्यापासून मी त्याला हेच सांगतोय. दिसत नाही, आवाज नाही, पण घरात आहे. तर म्हणतो, बाबा, डॉक्टरला दाखवू या."

मी डबी टांगली आणि निघालो. देशमान्यांना काहीतरी समजावून सांगायला हवं होतं असं वाटत राहिलं. पण मी स्वतः घरी आलो की कुलूप काढताना "आलो गं" म्हणतो. मी त्यांना काय समजावणार?

*

आता घरचाच.

माझी मुलगी कॅनडात. तिकडे घराघरात रेडॉन तपासतात, पण बापाच्या घरातला तपासावा असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि सांगायला मला लाज वाटत होती. शेवटी मुजावर म्हणाला, "मालक, अपने घर कू भी एक लटका देते. लोकां क्या बोलेंगे?" आणि त्यानं लावून टाकली.

मी मुलीला सहज कळवलं. ती घाबरलीच. डबी काढेपर्यंत तिचे इतके फोन आले की मोबाईल बिघडलाय की काय वाटलं. बाबा, कुठल्या खोलीत झोपता? फरशी कुठे फुटलीय का? जेवण वेळेवर होतं का? शैलाच्या हातची आमटी कशी करायची हे एकदा तिनं विचारलं आणि आम्ही दोघं बराच वेळ आमटीवर बोलत बसलो. मला ती आमटी करता येत नाही, तरी बोललो.

रीडिंग एकदम चांगलं आलं. कारण सांगतो. झोपायच्या खोलीच्या खिडकीची कडी तुटलेली आहे, ती खिडकी बंदच होत नाही. शैला दर पावसाळ्यात ओरडायची, "तेवढी कडी बसवून घ्या हो." मी घेतली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच माझा आळस कामाला आला आणि ते बघायला ती नव्हती.

मी मुलीला रिपोर्ट सांगितला. ती म्हणाली, "हुश्श! चला, टेन्शन गेलं, बाबा." टेन्शन गेलं आणि फोनही गेले. तिचं बरोबर आहे, तिला नोकरी आहे, पोरं आहेत, तिकडे बर्फ असतो. पण रिपोर्ट चांगला आल्याचं मला वाईट वाटलं. श्रीलतानं "सर, पेढे?" म्हणून विचारलं तर मी तिला उगाच शुगरचं कारण सांगितलं.

*

शेवटचा इंदूआक्कांचा.

आक्का दक्षिण कसब्यात राहतात, एकट्या. यजमान मिलमध्ये क्लार्क होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकच मुलगा, मिलिंद, अमेरिकेत. घराची आतली खोली गल्लीपेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. जुनी शहाबादी फरशी, सांध्यांतून माती दिसणारी, आणि गल्लीकडे एकच खिडकी, धुळीमुळे कायम बंद. खोली गार राहते म्हणून आक्का तिथंच झोपायच्या. मिलिंदनं सांगितलं म्हणून आम्ही डबी लावली आणि आमच्या आजवरच्या सगळ्या डब्यांत सगळ्यात जास्त रीडिंग तिथं निघालं. पहिल्यांदाच आम्हाला "काही नाही" म्हणता आलं नाही.

मिलिंद हादरला. त्याआधी त्याचा फोन रविवारी यायचा, तोही जमला तर. आता रोज सकाळी यायला लागला, आक्कांचं दूध तापत असायचं तेव्हा. त्याच्याकडे रात्र असायची. पहिला प्रश्न ठरलेला. "आई, खिडकी उघडलीस का?" मग गोळ्या घेतल्या का, मग शेजारच्या काकू कशा आहेत, असं करत करत तो थांबायचा. आम्ही काम करायला गेलो तेव्हा आक्का कौतुकानं सांगत होत्या, "रोज करतो हो. काल तर मला शेपूच्या भाजीचं विचारत होता. लहानपणी ताटात शेपू दिसली की उठून जायचा मेला."

मुजावरनं गवंडी आणून फरशीचे सगळे सांधे सिमेंटनं भरून घेतले. हवा बाहेर टाकणारा पंखा बसवला. आक्कांना सांगितलं, पंखा चालू ठेवायचा आणि खिडकी सकाळपासून उघडी. दुसरी डबी लावली. तीन महिन्यांनी रीडिंग एकदम खाली! आमच्या धंद्यातलं पहिलं यश. मी मिलिंदला स्वतः फोन करून सांगितलं, "काम झालं. आता काळजी नको." त्यानं किती वेळा थँक्यू म्हटलं.

आक्कांनी आम्हाला शेंगाची पोळी आणि तूप वाढलं. तूप वाढता वाढता विचारलं, "मग आता परत वाढणार नाही का हो, सर?"

"नाही आक्का. खिडकी बंद केली, पंखा बंद केला, सांधे परत उघडे पडले, तरच."

"असं होय," आक्का म्हणाल्या आणि मला आणखी एक पोळी वाढली.

पुढे दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग एक दिवस आक्कांचाच फोन. "एकदा येऊन डबी लावून जावा की. मला आपली शंका येतीय." मी म्हटलं, "गरज नाही आक्का." तर म्हणाल्या, "म्हातारीचं मन राखायचं म्हणून तरी." मुजावर एकटाच गेला, दारातून डबी देऊन चहा घेऊन आला. आक्कांनी ती स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवली म्हणे.

तीन महिन्यांनी श्रीलतानं फिल्म धुतली, मोजली, परत मोजली आणि मला बोलावलं. "सर, हे पहिल्यापेक्षाही जास्त आहे."

मी मिलिंदला कळवलं. कळवायलाच हवं होतं. आणि दोन दिवसांनी सकाळी सकाळी आम्ही तिघं आक्कांकडे गेलो. वैशाख होता. सोलापूरच्या वैशाखात माणूस सकाळीच भाजायला लागतो.

खिडकी बंद होती. चौकटीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या नीट घडी करून दाबलेल्या. पंख्याचा प्लग काढलेला, वायर गुंडाळून वर ठेवलेली. मी खाली बघितलं. फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खरवडून काढलं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकूण एक सांधा. केर झाडून घेतलेला. कोपऱ्यात एक लोखंडी उलथनं उभं होतं, त्याची धार वाकडी झाली होती.

आक्कांनी काही लपवलं नाही. खाटेवर बसून त्या आमच्याकडे बघत होत्या. उजव्या हाताच्या बोटांना हळद लावली होती.

माझा आवाज चढला. आयुष्यात त्या वयाच्या बाईवर मी कधी ओरडलो नव्हतो. "आक्का, हे काय केलंत? किती वेळा सांगितलं तुम्हाला, हा गॅस छातीत बसतो. कॅन्सर होतो यानं. मरायचंय का?"

"ओरडू नका, सर. उन्हातनं आलाय. आधी पाणी घ्या."

श्रीलता त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि त्यांची बोटं बघायला लागली. मुजावर खिडकीशी गेला, चिंध्या ओढून काढल्या आणि कडीला हात घातला.

तेवढ्यात फोन वाजला. चुलीवर दूध तापत होतं.

आक्कांनी हात वर करून मुजावरला थांबवलं. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. मिलिंदचा आवाज खोलीभर झाला.

"आई, खिडकी उघडलीस का?"

आक्कांनी आमच्याकडे बघितलं, बंद खिडकीकडे बघितलं आणि फोन तोंडाशी धरला.

"उघडते की. पण मी उघडली, तर उद्या तू काय विचारशील?"